सोलर बसवू की पंखे बदलू? (बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांचा विजेचा धागा)

शहापूरकर

मंडळी, नमस्कार. गेल्या महिन्याभरात आमच्या गल्लीत तीन सोलरवाले येऊन गेले. तिघांचंही पहिलं वाक्य एकच, "काका, आयुष्यभर वीज फुकट." तिसऱ्यानं तर चहा निवायच्या आत गच्चीवर टेप लावली आणि ३ किलोवॅटचे एक लाख नव्वद हजार सांगून गेला. घर दुमजली, माणसं चार. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणतो, बसवून टाका. हिचं म्हणणं, गृहज्योतीत (कर्नाटक सरकारची घरगुती फुकट विजेची योजना) बिल शून्य येतंय आणि गच्ची गेली तर सांडगे-पापड कुठं वाळवू?

शून्य येतं हे खरं, पण वर्षभर नाही. मार्च, एप्रिल, मे हे तीन महिने घात करतात. एप्रिलला २४३ युनिट झाले आणि एकोणीसशेच्या घरात बिल आलं. मार्चला १९६ होते तर थोडक्यात सुटलो होतो. ४७ युनिटांत एवढी उडी कशी, हे मला अजून उमजलेलं नाही. बिल कन्नडमध्ये, चष्मा लावूनही उपयोग नाही.

जाणकारांनी सांगावं. सोलर घेऊ का? घेतलं तर करंट गेल्यावर पंखा फिरेल का? आणि ४७ युनिटांची भानगड काय?

निपाणीचा_तोटा

काका, भानगड सीमाप्रश्नाची आहे. महाराष्ट्रात असतो तर बिल निदान वाचता तरी आलं असतं.

उंबरठा (धागा संपादक)

त्यावर वेगळा धागा आहे, साडेचारशे प्रतिसादांचा. इथं विजेवर बोला.

अनगोळचा_पक्कड

काका, मी वायरिंगची कामं करतो, तीस वर्षं झाली. आधी बिल समजून घेऊ.

कन्नड शब्द चार-पाचच लागतात. "इंदिन मापन" म्हणजे आजचं रीडिंग, "हिंदिन मापन" म्हणजे मागचं. दोन्हींची वजाबाकी म्हणजे "बळके", म्हणजे वापर. "निगदित शुल्क" हा स्थिर आकार, मंजूर लोडवर लागतो. "तेरिगे" म्हणजे कर. "बाकी" म्हणजे बाकीच, ते कुठल्याही भाषेत चुकत नाही. वर आर.आर. नंबर असतो, म्हणजे तुमचा ग्राहक क्रमांक, तो एका कागदावर लिहून मीटर बोर्डाच्या दारावर चिकटवून ठेवा. कुठल्याही कामाला तोच विचारतात.

आता ४७ युनिटं. गृहज्योती म्हणजे सगळ्यांना सरसकट २०० युनिट फुकट, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. २०२२-२३ साली तुमच्या घराची महिन्याची सरासरी जेवढी होती तेवढी, अधिक दहा टक्के, हा तुमचा कोटा. सरासरी १२० असेल तर कोटा १३२. कोट्याच्या वर गेलात पण २०० च्या आत राहिलात, तर फक्त वरच्या युनिटांचे पैसे. २०० ओलांडले की त्या महिन्यापुरती सवलतच गेली, पहिल्या युनिटापासून सगळं बिल तुमचं. म्हणून १९६ ला तुम्ही थोडक्यात सुटलात आणि २४३ ला सापडलात. उंबऱ्याला ठेच लागावी तसा प्रकार आहे हा.

तुमची जुनी सरासरी किती होती?

शहापूरकर

जुनी बिलं खिळ्याला टोचून ठेवायची सवय आहे म्हणून सापडली. सरासरी १६५ येते.

अनगोळचा_पक्कड

मग कोटा १८१. तुमचा प्रश्न २४३ वरून १८१ वर, निदान २०० च्या खाली यायचा आहे. त्याला दोन लाख कशाला?

एक युनिट म्हणजे हजार वॅटची वस्तू एक तास. आता घरात हिंडा. छताचा जुना पंखा ७५ वॅटचा, रेग्युलेटर फुल्लवर. बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरीचा) तेवढाच वारा २८ ते ३५ वॅटमध्ये देतो. जुन्या पंख्याच्या मोटरीत बरीचशी वीज नुसती उष्णता होऊन जाते, तासाभरानं मधल्या वाटीला हात लावून बघा, म्हणजे पटेल. नव्या पंख्यात फिरत्या भागाला कायमचे लोहचुंबक असतात, तो फारसा गरम होत नाही.

प्रत्येक पंख्यामागं ४५ वॅट वाचले. चार पंखे, रोज बारा तास, म्हणजे दिवसाला २.१६ युनिट, महिन्याला ६५. २४३ मधून ६५ गेले, राहिले १७८. बिल शून्य. चार पंख्यांचे बारा हजार.

कडोलीचं_रताळं

चार पंखे बारा तास कुणाच्या घरात फिरतात हो? काका एका वेळी चार खोल्यांत झोपतात का?

अनगोळचा_पक्कड

बरोबर पकडलंत. झोपायच्या खोल्यांचे दोन बारा-बारा तास, सोप्यातला आठ, स्वयंपाकघरातला चार धरू. ३६ तास झाले. गुणिले ४५ वॅट म्हणजे दिवसाला १.६२, महिन्याला ४८ ते ४९ युनिट. २४३ चे १९४ झाले. कोट्यावरच्या १३ युनिटांचे पैसे भरा, पण एकोणीसशे वाचले. आणि मग स्वयंपाकघरातला पंखा बदलायची गरजच नाही, चार तासांसाठी तीन हजार कशाला घालायचे.

बीएलडीसी बसवताना भिंतीवरचा जुना डबा-रेग्युलेटर काढून टाका. दोन्ही एकत्र ठेवले की पंखा खराब होतो आणि मग माणसं म्हणतात नवीन माल वाईट.

शहापूरकर

सोप्यातला पंखा आठ तास हे तुम्हाला कुणी सांगितलं? आमच्याकडं टीव्ही आणि पंखा एकत्रच बंद होतात, साडेदहाला. पण हिशेब पटला. गीझरचं काय?

अनगोळचा_पक्कड

२५ लिटरचा गीझर एकदा पूर्ण तापवायला साधारण एक युनिट. साठ अंशांपर्यंत तापवून मग बादलीत गार पाणी ओतून घेणं म्हणजे आधी खर्च करून मग तो विझवणं. काटा ४५ वर ठेवा. आणि पहाटे लावून आठपर्यंत तसाच चालू ठेवू नका, पाणी निवतं, तो परत तापवतो.

घरात चोरटी गळती आहे का ते बघायचं असेल तर घरातली सगळी बटणं बंद करून, फ्रिजचा प्लग काढून मीटरसमोर उभं राहा. लाल दिवा लुकलुकतो ना, माझ्या मीटरवर ३२०० लुकलुकींना एक युनिट लिहिलंय. सगळं बंद असताना दिवा स्थिर पाहिजे. लुकलुकला तर कुठंतरी वायर खाते आहे. एका घरात विहिरीच्या मोटरीची वायर भिंतीत ओली झाली होती, महिन्याला तीसेक युनिट जमिनीत जात होते.

उचगावची_सून

आमच्याकडं अजून तांब्याचा बंब आहे. नारळाच्या करवंट्या, शेंगांची टरफलं, जे असेल ते घालायचं. सासूबाई गीझरला हात लावू देत नाहीत. धूर होतो, खरं, पण महिन्याचा वापर १०० युनिटांच्या वर कधी गेला नाही.

माझा प्रश्न इंडक्शनचा. गॅस दरवेळी वाढतोय. फुकट युनिट शिल्लक राहतात तर स्वयंपाक विजेवर का करू नये?

मशालवाला_उद्यमबाग

ताई, हा हिशेब मी घरी केलाय. (फौंड्रीत काम, दिवसभर भट्टीचे युनिट मोजतो, घरी येऊन शेगडीचे.) १४.२ किलोच्या सिलिंडरमधली उष्णता युनिटांत धरली तर १८० च्या आसपास. त्यातली साठ-पासष्ट टक्केच भांड्याला लागते, बाकी कडेनं जाते. इंडक्शनवर ८५ टक्के लागते. तेव्हा एका सिलिंडरचं काम करायला इंडक्शनला सव्वाशे ते दीडशे युनिट पाहिजेत.

तुमचा कोटा ठरलेला आहे हे विसरू नका. १०० चा वापर असेल तर १०० अधिक १४० म्हणजे २४०, सवलत गेली. सकाळचा चहा आणि दूध तापवणं एवढंच इंडक्शनवर ठेवा. भाकरी तर तिच्यावर तशीही फुगत नाही.

आता काकांच्या सोलरविषयी, कारण त्यात मी स्वतः पडलोय. माझा वापर महिन्याला साडेतीनशे, एसी आहे, म्हातारे वडील आहेत. मी ३ किलोवॅट बसवलं. तुम्ही बसवू नका म्हणतो त्याचं कारण खाली येईलच.

१ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट सावलीविना जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीनं दिवसाला चारेक युनिट मिळतात. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत (फेब्रुवारी २०२४ पासून) पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० अनुदान, म्हणजे ३ किलोवॅटला ७८,०००. त्याच्या वर कितीही बसवा, ७८,००० च. आधी पोर्टलवर नोंदणी, मग हेस्कॉमची (आपली वीज कंपनी) मंजुरी, मग नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच काम, मग नेट मीटर (लाइनीला दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करणारा), आणि सगळ्यात शेवटी पैसे थेट आपल्या खात्यात. विक्रेता "अनुदान वजा करूनच पैसे द्या" म्हणाला तर कागद नीट वाचा.

माझा हिशेब: एक नव्वदमधून ७८ हजार गेले, खिशातून एक लाख बारा हजार. वर्षाला पंचवीस हजारांच्या आसपास वाचतात. साडेचार वर्षांत पैसे वसूल. पॅनल पंचवीस वर्षं चालतो, इन्व्हर्टर मात्र मध्ये एकदा बदलावा लागतो, ते कुणी सांगत नाही.

काकांचा हिशेब: वर्षातले तीनच महिने बिल, फार तर तीन गुणिले एकोणीसशे, पाच हजार सातशे. एक लाख बारा हजार वसूल व्हायला वीस वर्षं. काका, तुमचं वय विचारत नाही.

शहापूरकर

एकाहत्तर. विचारलंत तरी चाललं असतं.

मशालवाला_उद्यमबाग

:) मग पंखेच घ्या.

करंट गेल्यावरचा प्रश्न राहिला. जो सोलर लाइनला जोडलेला असतो (ज्याला अनुदान मिळतं तो नेहमीचा प्रकार) तो करंट गेला की स्वतःहून बंद होतो. भर दुपारी, लख्ख उन्हात. हे मुद्दामच केलेलं असतं. खांबावर लाइनमन काम करत असताना तुमच्या गच्चीवरून वीज लाइनीत गेली तर त्याचा जीव जाईल. करंट गेल्यावर घर चालायला बॅटरी आणि हायब्रीड इन्व्हर्टर लागतो, त्याचे पैसे वेगळे. "सोलर बसवलं की लोडशेडिंग विसरा" म्हणणाऱ्याला एवढा एकच प्रश्न विचारा आणि त्याचं तोंड बघा.

कडोलीचं_रताळं

आमच्या भावकीत एकाला फसवलं ओ. पॅनल बसवून झाले, अनुदान येईना. चौकशी केली तर पॅनल बाहेरच्या देशाचे निघाले. विक्रेता आता फोन उचलत नाही.

मशालवाला_उद्यमबाग

अनुदानाला डीसीआर पॅनल लागतात, म्हणजे सेलसुद्धा भारतात तयार झालेले. ते थोडे महाग असतात, म्हणून काही जण दुसरेच चढवतात. कोटेशनवर "डीसीआर" शब्द लिहून घ्यायचा आणि पॅनल गच्चीवर चढवण्याआधी मागच्या बाजूचे अनुक्रमांक फोटोत घ्यायचे. चढवल्यावर मागं वाकून बघायला माकड व्हावं लागतं.

दिशा दक्षिण, कल आपल्या अक्षांशाएवढा, बेळगावला १६ अंशांच्या आसपास. शेजारच्या माडाची सावली एका पॅनलवर पडली तरी त्या ओळीचं उत्पादन बसतं, कारण पॅनल माळेतल्या मण्यांसारखे एकामागं एक जोडलेले असतात. आणि लोकांना वाटतं मे महिन्यात जास्त मिळेल. ऊन हवं, पण तापलेला पॅनल कमी देतो. माझे सगळ्यात चांगले दिवस फेब्रुवारी-मार्चचे, आकाश निरभ्र आणि हवा गार.

हो, आणि पॅनल बोअरच्या पाण्यानं धुवू नका. क्षाराचे डाग पडतात, ते सहज निघत नाहीत. पावसाचं पाणी धरून ठेवा किंवा ओल्या फडक्यानं पहाटे पुसा.

जांबोटीचा_पाऊस

तुमच्या या सगळ्या गप्पा बेळगाव शहराच्या. इकडं जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात या. जून लागला की सूर्य कसा दिसतो ते पोरं चित्रात बघतात. झाड लाइनीवर पडलं की दोन-दोन दिवस करंट नाही. लाइनमन बिचारा गुडघाभर चिखलातनं येतो, पण त्याला तरी किती हात?

गेल्या जुलैत माझ्या १ किलोवॅटनं काही दिवस एक युनिटसुद्धा दिला नाही. चार युनिट सरासरी म्हणताय, ती सरासरी मार्चचं ऊन घालून आलेली. आमच्याकडं सरासरीवर दिवा लागत नाही.

मशालवाला_उद्यमबाग

कबूल. नेट मीटरवाल्याला हे जाणवत नाही, तो पावसाळ्यात लाइनीतनं घेतो. तुम्ही बॅटरीवर आहात, तुम्हाला जाणवणारच. बॅटरी कोणती?

जांबोटीचा_पाऊस

१५० एएचची ट्यूब्युलर, एक. १२ व्होल्टची. हिशेबानं १.८ युनिट, पण पूर्ण रिकामी केली तर दोन वर्षांत मरते. म्हणून सव्वा युनिटच धरायचं. एलईडी चार, मोबाइल, आणि एक बीएलडीसी पंखा, सगळं मिळून शंभर वॅटच्या आत ठेवतो, रात्र निघते. आधी जुना पंखा होता तेव्हा पहाटे तीनला बॅटरी ओरडायची. पक्कडभाऊ बिलासाठी पंखा बदला म्हणतात, मी झोपेसाठी बदलला.

वडिलांच्या वेळचं गोबरगॅस आहे परड्यात. चार म्हशी होत्या तेव्हा दोन घनमीटरचं संयंत्र, रोज दोन बुट्ट्या शेण, पन्नासेक किलो, तेवढंच पाणी, कालवून सोडायचं. दोन्ही वेळचा स्वयंपाक व्हायचा आणि मागनं निघणारी स्लरी भाताला. पावसाळ्यात गॅस कमी व्हायचा, कारण आतले जिवाणू गारठ्याला सुस्तावतात. आता म्हैस एकच, पोरगा गोव्यात हॉटेलात. टाकीत आई आळवडीसाठी अळू लावते.

उचगावची_सून

आळवडीचं ऐकून जीव तुटला.

माझं माहेर चंदगड तालुक्यात. भावानं तिकडं सौर कृषी पंप घेतला, महाराष्ट्राच्या "मागेल त्याला" योजनेत. शेतकऱ्याला दहा टक्केच भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातींना पाच. त्याचं एकच म्हणणं: पाणी दिवसा. इकडं आमच्या शेतात मोटरीला १० एचपीपर्यंत वीज फुकट आहे, पण थ्री फेज रात्री आला की मालकांना बारा वाजता बॅटरी घेऊन शिवारात जावं लागतं. मागच्या वर्षी बांधावर घोणस होती. फुकट म्हणायचं कसं त्याला?

निपाणीचा_तोटा

ताई, बघा, परत महाराष्ट्रच.

उचगावची_सून

दादा, पण भावाच्या पंपाला पावसाळी ढगात पाणी चढत नाही आणि रात्री तो कडबा कुट्टी चालवू शकत नाही. तुमचा महाराष्ट्र तिथं काय करणार?

कडोलीचं_रताळं

एक बाळबोध प्रश्न. सौंदत्तीकडच्या माळावर एवढ्या पवनचक्क्या फिरतात. घरावर छोटी बसवली तर?

मशालवाला_उद्यमबाग

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर वीज आठपट होते, आणि निम्मा झाला तर आठवा हिस्सा राहते. म्हणून त्या उघड्या माळावर, उंच खांबावर असतात. गल्लीत वारा घरांना आपटून भोवऱ्यात फिरतो. आवाज होईल, वीज नाही. आपल्या भागाला पाणी आणि ऊस हेच जुने. गोकाकच्या धबधब्यावर १८८७ पासून सूतगिरणी चालली, आणि आता चिकोडीकडचे साखर कारखाने गाळप हंगामात चिपाडावर वीज करतात. तुमच्या घरात येणारी वीज थोडी गोड असते हिवाळ्यात.

अनगोळचा_पक्कड

फ्रिजचं कुणी विचारलं नाही. स्टार मोजू नका, लेबलवर वर्षाला किती युनिट लिहिलंय तो आकडा वाचा, आणि लेबलचं वर्ष. निकष अधूनमधून कडक होतात, जुना पाच स्टार आजच्या तीनच्या बरोबरीला येऊ शकतो. आणि टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स रिमोटनं बंद केला तरी दहा वॅट खातच असतो, महिन्याला सात युनिट. बोर्डावरचं बटण बंद करा.

शहापूरकर

दीड महिन्यानं लिहितोय. वर्दी द्यायची राहून गेली.

दोनच पंखे घेतले, झोपायच्या खोल्यांचे. गीझरचा काटा ४५ वर, आणि मे महिन्यात तो फक्त माझ्यासाठी, बाकीचे गार पाण्यानं. रोज सकाळी दूध आणायला जाताना मीटर वाचून कॅलेंडरवर लिहायला लागलो. एकदा सव्वाआठ युनिट दिसले, चौकशी केली तर इस्त्रीच्या दोन पिशव्या निघाल्या.

मेचं बळके १८८. कोटा १८१. सात युनिटांचे पैसे भरले.

तिसरा सोलरवाला परवा परत आला होता. त्याला बिल दाखवलं, तो म्हणाला, काका, मग सोलर गीझर घ्या की. यावर कुणाचा अनुभव? १०० लिटर पुरेल का चौघांना? आणि पंख्याचा रिमोट हरवलाय, तो बाजारात वेगळा मिळतो का? सध्या स्टुलावर चढून प्लग काढतोय.

अनगोळचा_पक्कड

काका, स्टुलावर चढू नका. भिंतीवरचं बटण बंद-चालू करा, पंखा थांबतो आणि चालतो. वेग बदलायलाच रिमोट लागतो. मिळतो वेगळा, पंख्याचं मॉडेल मला मेसेज करा.

सोलर गीझर चौघांना १०० लिटर पुरतो. पण गच्चीवर जागा बघा, काकूंना विचारून.

शहापूरकर

विचारलं. सांडगे झाल्यावर बघू म्हणाली.